बंद घरं मोजायची कशी

एम.ए.ला संशोधन पद्धतीच्या पेपरातला सांख्यिकीचा भाग आम्ही पाठांतरावर काढला होता. मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक. व्याख्या, सूत्र, एक सोडवलेलं उदाहरण. त्यानंतर मी एका संशोधन संस्थेत अन्वेषक म्हणून लागले आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, खानापूर तालुक्यांत आणि शेजारच्या माणमध्ये घरोघर फिरून शेड्यूल भरू लागले. पुढे बरीच वर्षं हेच काम केलं, मग नव्या मुलामुलींना शिकवलं. पाठ केलेल्या त्या शब्दांतला जवळजवळ प्रत्येक शब्द मला खऱ्या अर्थाने कळला तो या दुष्काळी पट्ट्यात, कुणाच्या तरी ओसरीवर बसून. म्हणूनच वर्गात हा विषय ज्या क्रमाने शिकवतात तो मला पटत नाही. तिथे सरासरीपासून सुरुवात होते. सरासरी फार पुढची गोष्ट. कुणाला मोजायचं, कुणाला नाही, आणि नेमकं काय विचारायचं हे आधी ठरतं, आणि पुष्कळदा आकडा तिथेच ठरून गेलेला असतो.

शेड्यूलच्या पहिल्याच पानावर प्रश्न असतो : घरात माणसं किती? खानापूर-आटपाडीकडे याचं उत्तर सरळ येत नाही. या भागातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचं हे काम करायला इथली माणसं पिढ्यानपिढ्या देशभरातल्या शहरांत गेली आहेत. गावातली म्हातारी सांगते, "आठ जणं हाय आमी." मोजायला बसलं की घरात ती, तिचा नवरा आणि एक नात. दोन मुलगे, सुना आणि बाकीची नातवंडं कोइमतूरला. ती जत्रेला येतात, पैसे पाठवतात, घर त्यांच्याच पैशांतून बांधलेलं असतं. म्हातारीच्या लेखी ती घरातलीच आहेत, आणि तिचं म्हणणं खोटं नाही. पण पाहणीचा नियम वेगळा. साधारणपणे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहणारा कुटुंबात धरायचा नाही, त्याने पाठवलेली रक्कम मात्र कुटुंबाच्या उत्पन्नात धरायची. या एका नियमाने त्या घराचं दरडोई उत्पन्न कुठल्या कुठे जातं. वर मुलांच्या कमाईतून आलेले पैसे, खाली भागायला फक्त तीन माणसं. आठांनी भागलं तर घर बेताचं, तिघांनी भागलं तर सुखवस्तू.

उलटी अडचणही येई. एका छपराखाली दोन भाऊ, रेशनकार्ड एक, चुली दोन. सुनांना विचारलं तर घरं दोन, सासऱ्यांना विचारलं तर एक. माणमधले एक आबा माझ्यावर रागावलेच होते. "ताई, चुली दोन झाल्या म्हणून काय घर फुटलं का? तुमी आपलं एकच लिवा." मी त्यांना समजावलं की कागदावर दोन लिहिल्याने घर फुटत नाही, आणि दोन शेड्यूल भरले. त्यांच्या सांगण्यावरून एक लिहिलं असतं, तर धाकट्या भावाची भूमिहीन मजुरी थोरल्याच्या विहिरीत बुडून गेली असती. व्याख्या कोरडी दिसते, पण तिच्यातून कोण दिसेल आणि कोण लपेल हे ठरत असतं.

गावात गेल्यावर पहिलं काम लिस्टिंगचं. गावाचा हातनकाशा काढायचा, वाड्या-वस्त्यांसकट प्रत्येक घराला नंबर द्यायचा, दारात दोन-तीन प्रश्न विचारून यादी करायची. मग त्या यादीतून ठरलेल्या अंतराने घरं उचलायची. पहिलं घर कोणतं हे यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून ठरतं. ती सगळी यादी म्हणजे पुस्तकातली समष्टी, आणि उचललेली घरं म्हणजे नमुना. घरं मी का निवडू नयेत, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात समजलं. माझ्या मर्जीवर सोडलं असतं तर मी रस्त्यालगतची, सावलीची, बोलक्या बायकांची घरं निवडली असती. सरपंचांच्या मर्जीवर सोडलं तर ते एक तर चांगली घरं दाखवत, नाहीतर योजना मिळेल या आशेने अगदी पडकी. "त्या घरी जाऊन काय उपेग न्हाई मॅडम, ती बाई बोलायची न्हाई," असं ज्या घराबद्दल सांगत, तेच घर तक्त्यातून निघालं असलं की मला मनापासून बरं वाटे. न बोलणाऱ्या बाईलाही बोलणारीइतकीच संधी मिळाली पाहिजे. यादृच्छिक नमुना म्हणजे एवढंच, आणि ते फार मोठं आहे. प्रत्येक घर निवडलं जाण्याची शक्यता आधीपासून माहीत असते, म्हणून थोड्या घरांवरून सगळ्यांबद्दल बोलता येतं, आणि आपलं बोलणं किती चुकू शकेल याचाही अंदाज देता येतो.

पण तक्त्यातून निघालेलं घर उघडं असायला हवं. दसरा-दिवाळीनंतर या भागात घरांना कुलपं लागतात. धनगरांची बिऱ्हाडं मेंढरांबरोबर पाण्याच्या मुलखाकडे उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या काठच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. त्या परतेपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. आम्ही पाहणीला निघायचो ते बहुधा हिवाळ्यात, कारण फिरायला हवा बरी आणि वर्षाचा निधी मार्चअखेर संपवायचा असतो. नियम असा, की घर बंद दिसलं तर पुन्हा जायचं, तरीही बंद तर सुपरवायझरला विचारून बदली घर घ्यायचं. बदली घर कुठलं मिळणार? उघडं असलेलं. हिवाळ्यात गावात उघडं राहिलेलं घर म्हणजे ज्याच्याकडे विहीर आहे, शाळू पेरलेला आहे, दुभती जनावरं आहेत किंवा घरातला एकजण शिक्षक आहे, असं. संध्याकाळी शेड्यूल मोजले की संख्या पुरी भरायची. अहवालात छापून येणार, नमुना पूर्ण. आणि ज्यांच्यासाठी पाहणी काढलेली, ती माणसं फडावर.

ही चूक जास्त घरं घेऊन सुधारत नाही. शंभरच्या जागी हजार घरं घ्या, हजारही उघडीच असणार. नमुना पाहणीत दोन जातींच्या चुका असतात, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. एक चूक योगायोगाची. कधी दोन गरीब घरं जास्त येतात, कधी दोन श्रीमंत. नमुना वाढवला की ती कमी होत जाते. दुसरी एकाच बाजूला झुकणारी. तिला परिभाषेत अभिनती म्हणतात, आणि नमुना कितीही वाढवला तरी ती जागची हलत नाही. उलट मोठ्या नमुन्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो, हे जास्त घातक. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी वर्षभर चालते आणि वर्षाच्या चार तिमाह्यांत नमुना वाटून घेते, यामागचं एक कारण हंगाम हेच आहे. आमच्यासारख्या छोट्या अभ्यासांना ते परवडत नाही म्हणतात. मी शेवटपर्यंत भांडत राहिले, की परवडत नसेल तर निदान बंद घरांची यादी अहवालात वेगळी छापा, शेजाऱ्यांना विचारून ती माणसं कुठे गेली तेही लिहा. काही अहवालांत ते छापलं गेलं. त्या पानांना मी बाकी सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त किंमत देते.

अभिनतीची गोष्ट निघाली की संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव घ्यायलाच हवं, आणि या पट्ट्यात तर जास्तच, कारण ते जवळच्याच खटाव तालुक्यातल्या बुधचे. माझी त्यांची ओळख कागदावरूनच झाली, पण त्यांनी मांडलेला मुद्दा मी शाळवाच्या रानात डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडे पिकाचं उत्पन्न ठरवायला पीक कापणी प्रयोग करतात. गाव, सर्व्हे नंबर आणि शेतातली जागा, सगळं यादृच्छिक संख्यांनी ठरतं. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून लांबी-रुंदीने ठरलेली पावलं टाकायची, खुंट्या रोवायच्या, दोरी बांधायची, आणि दोरीच्या आतलं पीक कापून, मळून वजन करायचं. मी एका कृषी सहायकांबरोबर असा प्रयोग पाहायला गेले होते. सगळा पेच दोरीखालच्या ताटांचा. हे ताट आतलं की बाहेरचं? विळा धरलेला हात ते ताट आत ओढतो. मुद्दाम नव्हे, टपोरं कणीस डोळ्यांसमोर असताना ते सोडवत नाही.

चाळीसच्या दशकात नेमक्या याच मुद्द्यावर सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस हे १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभारणारे, नमुना पाहणी देशात रुजवणारे. बंगालमध्ये ते अगदी छोट्या, काही फुटांच्या तुकड्यांवर कापणी घेत. खर्च कमी, तुकडे जास्त. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा जितका छोटा तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा हिस्सा मोठा, आणि कडेची ताटं आत ओढली जात असल्याने उत्पन्नाचा अंदाज फुगतो. छोट्या तुकड्यांची संख्या कितीही वाढवा, फुगवटा राहतोच. म्हणून तुकडा पुरेसा मोठा हवा. हा वाद तज्ज्ञांच्या नियतकालिकांतला असला, तरी त्याचा निकाल शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन पोचतो. गावची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. कडेची चार ताटं आत गेली आणि गाव दुष्काळातून बाहेर पडलं, असं होऊ शकतं. त्या दिवशी शेताचा मालक बांधावर उभा राहून एकेका ताटाकडे बघत होता, त्याचं कारण मला पुढे उमगलं.

आता सरासरी. विद्यार्थ्यांना मी एक काल्पनिक वस्ती देते. नऊ घरं, जमीन एकरांत अशी : शून्य, शून्य, शून्य, एक, दोन, दोन, चार, पाच आणि चाळीस. बेरीज ५४, सरासरी सहा एकर. या वस्तीत सहा एकरांचं घर एकही नाही, आणि नवातली आठ घरं सरासरीच्या खाली आहेत. ओळीने लावून मधलं घर बघितलं तर दोन एकर, तो मध्यक. सगळ्यांत जास्त वेळा आलेली संख्या शून्य, तो बहुलक. मग चाळीस एकरवाल्याचं घर काढून टाका. सरासरी सहावरून पावणेदोनवर कोसळते, मध्यक दोनवरून दीडवर येतो. तिन्हींपैकी खरा आकडा कोणता, असं मुलं विचारतात. तिन्ही खरे. पण रोजगार हमीचं काम काढायचं असेल तर बहुलकाकडे बघा, कारण तीन घरांकडे एक गुंठाही नाही. सहा एकर सरासरी असलेल्या वस्तीला कामाची गरज काय, असं कचेरीत म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी भागाकार बरोबरच केलेला असतो.

वय विचारण्याबद्दल थोडक्यात सांगते. आमच्या शेड्यूलमधली वयं एकत्र केली की तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस या आकड्यांवर माणसांचे डोंगर दिसत आणि एकतीस, एकोणचाळीसवर दऱ्या. जनगणनेतही हे दिसतं. हा ओढा किती आहे हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे : शून्य आणि पाचाकडे अजिबात ओढा नसेल तर १००, सगळ्यांनीच शून्य-पाचावर वय सांगितलं तर ५००. डोंगर कमी करायचा उपाय म्हणजे घटनांची यादी जवळ ठेवणं. अठ्ठेचाळीसचं जळित, सदुसष्टचा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधी गेल्या ते वर्ष. "दुष्काळात खडी फोडायला जायची तवा थोरला पोटात व्हता," एवढं कळलं की आईचं नाही तरी थोरल्याचं वय वर्षभराच्या आत बसतं. त्या एका वाक्यात वयाहून कितीतरी जास्त काही असतं, पण शेड्यूलमध्ये रकाना वयाचाच असतो. मी ती वाक्यं समासात लिहून ठेवत असे.

खर्चाचा प्रश्न सगळ्यांत अवघड. "गेल्या तीस दिवसांत गोडेतेल किती लागलं?" बाई गप्प होते. तिच्या मनात महिना नसतो, आठवड्याचा बाजार असतो. "गेल्या बाजारी किती तेल आणलंत मावशी?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं. उलट लुगडं, वह्या-पुस्तकं, दवाखाना यांना आठवड्यात धरून चालत नाही; त्यांना वर्ष लागतं. आठवायला किती दिवस द्यायचे ही मला सुरुवातीला सोयीची बाब वाटे. मग १९९९-२००० ची राष्ट्रीय नमुना पाहणी आली. तिच्यात अन्नपदार्थांसाठी सात दिवस आणि तीस दिवस, असे दोन्ही प्रश्न एकाच घरात शेजारी-शेजारी विचारले गेले. आधीच्या १९९३-९४ च्या मोठ्या फेरीत तसं नव्हतं. दोन्ही फेऱ्यांवरून निघालेलं देशातल्या गरिबीचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलं. त्यातली किती घट खरी आणि किती प्रश्नाची रचना बदलल्यामुळे, यावर अर्थतज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं भांडले. दहा टक्के म्हणजे या देशात कोट्यवधी माणसं. प्रश्नातले दिवस बदलले, की एवढ्या माणसांबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही.

प्रमाण विचलन मला स्वयंपाकघरात समजलं. एका अभ्यासात आम्ही घरातल्या माणसांचं खाणं वजन करून लिहीत होतो. सकाळीच जायचं, पीठ मोजायचं, भाकरी मोजायच्या, ताटातलं उरलेलं मोजायचं. पाठोपाठ काही दिवस एकाच घरी गेलं की दिसे, की एकाच बाईचं खाणं रोज सारखं नसतं. बाजारादिवशी वेगळं, एकादशीला वेगळं, पाहुणे आले तर तिच्या वाट्याला काहीच नाही. सरासरी एक आकडा देते. तो आकडा दर दिवशीच्या खऱ्या आकड्यापासून साधारण किती लांब असतो, हे प्रमाण विचलन सांगतं.

पुण्यात या एका कल्पनेवरून मोठी चर्चा झडली होती, आणि समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी असं मला वाटतं. १९७१ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळण्याएवढा ज्यांचा खर्च नाही ते गरीब, असं धरून त्यांनी १९६०-६१ साली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं गरीब ठरवली. सुखात्मे तोवर अन्न व कृषी संघटनेतलं रोममधलं काम संपवून पुण्यात परतले होते. त्यांनी हरकत घेतली. गरजेची सरासरी ही सरासरी आहे. निरोगी, धडधाकट माणसांतलीही जवळपास निम्मी तिच्या खालीच असणार. शिवाय एकाच माणसाची गरज दिवसादिवसाला हलते, शरीर स्वतःला जुळवून घेतं. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून रेषा आखा. तिच्याही खाली जाणारा तो खरा उपाशी. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. वाद बराच चालला.

मी दोघांचंही लेखन आदराने वाचलं. गणितात सुखात्म्यांचं म्हणणं बिनतोड आहे : विचलन विसरून नुसत्या सरासरीने माणसं मोजली तर चुकीची माणसं मोजली जातात. पण रेषा एकदम एवढी खाली नेली, की माझ्या वहीतल्या कितीतरी बायका तिच्या वर जाऊन बसतात आणि कुणाला दिसत नाहीत. त्यांच्या खाण्यातला चढउतार मी जवळून पाहिला होता. तो शरीराने जुळवून घेतल्याचा चढउतार नव्हता. शुक्रवारी पीठ संपत आलेलं असे आणि शनिवारी बाजार. त्या बायका गवतापासून जळणापर्यंत सगळं डोक्यावरून आणत आणि शेवटी जेवत. दोन विचलनं वजा करण्याआधी हे विचलन कुठून आलं ते विचारलं पाहिजे, हे माझं मत आजही कायम आहे.

लहान संख्येचा धोका हाही वर्गात क्वचितच नीट शिकवला जातो. एखाद्या छोट्या गावात वर्षभरात वीस मुलं जन्मली, अकरा मुली आणि नऊ मुलगे, तर दर हजारी मुलग्यांमागे १२२२ मुली. गावाचा सत्कार होतो. पुढच्या वर्षी नऊ मुली आणि अकरा मुलगे, तर ८१८, आणि गावाला नोटीस. दोन पाळण्यांचा फरक आहे, आणि तो नुसत्या योगायोगाने होऊ शकतो. याचा आधार घेऊन मग काहीजण म्हणतात, मुली कमी झाल्या हेही योगायोगच. तसं नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८९४ वरून ८०७. लाखो मुलांत योगायोग एकमेकांना खोडतात, उरते ती माणसांची करणी. सार्थकतेची चाचणी एवढंच करते : एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती, हे सांगते. पाच टक्क्यांची प्रचलित मर्यादा सोयीसाठी आहे. आणि फरक सार्थ निघाला म्हणजे महत्त्वाचा निघाला असं नाही; तो कशाबद्दल आहे हे आपल्याला ठरवावं लागतं.

राहिला सहसंबंध. सध्या मी समाजकार्याच्या काही विद्यार्थिनींना ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींच्या अभ्यासात मदत करते आहे. त्यांनी आकडे काढले : मुलीचं शिक्षण जितकं कमी, तितकं लग्न लवकर. गुणांक चांगला आला. एकीने लगेच वाक्य लिहिलं, शाळा सुटल्यामुळे बालविवाह होतात. मी तिला थांबवलं. ऊसतोडीत मोजणी कोयत्याची असते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवायची भीती, आणि जोडी जमली तर उचल. मग लग्न ठरलं म्हणूनही शाळा सुटू शकते. किंवा सातवीपुढची शाळा गावात नाही, आणि त्या एकाच कारणाने शाळाही सुटते आणि लग्नही होतं. गुणांक या तिन्ही शक्यतांत सारखाच येईल. कारण शोधायचं तर तुलना लागते किंवा क्रम लागतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा उपक्रम केला, तेव्हा ३९ गावांत तो राबवला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. त्यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. ती ४७ गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं, रस्ते झाले, दवाखाने झाले, म्हणून घटलं.

आमच्या विद्यार्थिनींना गावं अशी विभागता येणार नाहीत. तेव्हा आम्ही क्रमाचा मार्ग धरला. शेड्यूलमध्ये दोन रकाने वाढवले : शेवटचं शाळेत गेली तो महिना आणि वर्ष, लग्न ठरलं तो महिना आणि वर्ष. तारखा आठवत नसतील तर सण आणि कारखान्याचा हंगाम विचारायचा, "पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या, आधी का नंतर?" पहिल्या वाडीत फिरून आल्यावर त्या सांगत होत्या, की बऱ्याच जणींचं उत्तर दोन्ही एकाच वेळी झालं असं येतं, टोळी निघाली, दप्तर राहिलं आणि फडावरच बोलणी झाली. 'आधी शाळा' आणि 'आधी लग्न' या दोन कोडांत ते कुठेच बसेना. विद्यार्थिनींचा विचार होता, जवळचा कोड टाकावा. आम्ही तिसरा कोड केला, आणि त्याच्यापुढे चार ओळी मोकळ्या ठेवल्या, काय कसं घडलं ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला.